चुकीच्या बाजूचा समुद्र

वर्ध्याजवळच्या आमच्या नालवाडीच्या घरात स्वयंपाकाच्या जागी, स्टोव्हच्या बरोबर वर, एक समुद्र टांगलेला होता. लीलाकाकूंच्या किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं ते. लीलाकाकू आमच्या शेजारी. त्यांचे यजमान दुकान चालवायचे आणि काकू यजमानांना. वर्ष सरल्यावर बाकीच्या घरांतून त्या कॅलेंडरचा जाड कागद पुस्तकांना कव्हरं घालायला गेला, पण मायने तारखांचा भाग कात्रीने कापून टाकला आणि वरचं चित्र पुन्हा खिळ्याला अडकवलं. चित्रात काळपट निळा समुद्र आणि त्यात अर्धा बुडालेला लालबुंद सूर्य. खाली दुकानाचं नाव, आणि सर्व प्रकारचा किराणा माल योग्य भावात मिळेल अशी ओळ. त्यामुळे कितीतरी वर्षं मला वाटायचं की समुद्राच्या काठावर असं काहीतरी लिहिलेलं असतंच. फोडणीच्या धुराने तो सूर्य दरसाल थोडा जास्त लाल होत गेला. समुद्रावर उडालेले तेलाचे थेंब पदराने पुसता पुसता माय विचारायची, "का वं पोरी, एवढा तापलेला गोळा पाण्यात जाते, तं चर्र वाजत नसन का?"

मायने तोवर तीनच ठिकाणं पाहिली होती. माहेरचं आष्टी, सासरची नालवाडी आणि वर्षातून एकदा नागपूर. पाणी म्हणजे नदी, आणि नदी म्हणजे उन्हाळ्यात निम्मी वाळू. तिने कधी काही मागितलं नाही असं मी लिहिणार नाही, कारण माय भरपूर मागायची आणि मिळेपर्यंत मागायची. शिलाई मशीन तिने असंच मिळवलं. पण समुद्र तिने मागितला नव्हता. तो तिने नुसता टांगून ठेवला होता, आणि बाबांना तेच जास्त टोचायचं.

बाबा पुलगावच्या लष्करी डेपोत कामाला होते. रोज वर्ध्याहून गाडीने जायचं आणि गाडीने यायचं. आयुष्यभर गाडी पकडल्याने त्यांची चालच गाडी पकडायची झाली होती. लग्नाच्या वरातीत ते नवरदेवाच्या पुढे निघून जायचे. जेवताना शेवटचा घास तोंडात असतानाच उठायचे. माय आणि मी त्यांच्यासोबत कुठे गेलो तर आम्हाला ते पाठमोरेच आठवतात, पांढरा शर्ट, बगलेत छत्री, आणि दर थोड्या वेळाने मान वळवून, "चाला ना लवकर!" गाडी सुटायची नसायची तेव्हाही.

तर या बाबांची एलटीसी आली. आताच्या पोरांना सांगावं लागतं, सरकारी नोकराला काही वर्षांतून एकदा कुटुंबासह देशात कुठेही फिरून येता येतं, भाडं सरकार देतं, आणि मुदतीत गेलं नाही तर ती सवलत वाया जाते. डेपोतले लोक ती बहुधा सासुरवाडीच्या दिशेला वापरायचे. बाबांनी ठरवलं, मद्रास. तेव्हा मद्रासच म्हणत. कारण दोन. एक म्हणजे वर्ध्याहून थेट गाडी, बदलायची भानगड नाही. दुसरं म्हणजे तिथून एका गावाला, महाबलीपुरमला, संध्याकाळची सहल जाते, बसमध्ये माहिती सांगणारा माणूस असतो, आणि ती सहल मावळतीच्या वेळेला समुद्रावर नेते, हे त्यांना डेपोतल्या कुणीतरी सांगितलं होतं.

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. रजा मंजूर झाली ती नेमकी बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात.

नालवाडीत बुद्धपौर्णिमेची खीर मायची. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण माझ्या जन्माआधीपासून तसंच होतं. पहाटे विहाराच्या भोंग्यावर वंदना सुरू व्हायची, तोवर आमच्या अंगणात तीन दगडांवर खिरीचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, चढलेलं असायचं. माय पांढरं लुगडं नेसून, केस घट्ट बांधून, हातभर लांब उलथनं घेऊन त्यासमोर उभी. दूध आटत आलं की वास आधी लीलाकाकूंकडे जायचा, मग गल्लीत. काकू कुंपणावरून विचारायच्या, "झाली का वं इंदू? आमच्या ह्यायचा जीव चालला वासानं." दुपारी विहारात पंगत बसली की म्हाताऱ्या बायका पहिला घास घेऊन डोळे मिटायच्या, आणि माय कुणाकडे बघत नाही असं दाखवत सगळ्यांकडे बघायची. वर्षभर तिला कुणी मान दिला नाही तरी चालायचं. त्या एका दिवसाचा मान मात्र तिचा होता, आणि तो तिला हवा असायचा.

"मी नाई येत," तिने सांगून टाकलं. "तुम्ही आन पोरगी जा. समुद्र कोठी पळून चालला काय?"

"समुद्र नाई पळत, पण एलटीसी पळते ना!"

"मंग पळू द्या."

हे सगळं अंगणात चाललं होतं, उन्हाळ्याची संध्याकाळ, नुकतंच पाणी शिंपडलेलं, खाटा बाहेर काढलेल्या. कुंपणापलीकडे लीलाकाकू गहू निवडत होत्या, म्हणजे हात गव्हात आणि कान आमच्याकडे. बाबांनी स्वयंपाकघरातून ते चित्र काढून आणलं आणि मायच्या समोर धरलं. "हे पाह्य. हे असंच दाखवतो तुले. समुद्रात बुडता सूर्य. या डोळ्यानं."

"आन नाई दिसला तं?"

आता बाबांनी इथे थांबायला हवं होतं. पण थांबणं त्यांना येत नव्हतं. "नाई दिसला तं," ते छाती काढून म्हणाले, "समुद्रात सूर्य बुडताना तुले दाखवत नाई तोवर दरसाल पौर्णिमेची खीर मी करीन. साऱ्या नालवाडीची!"

बाबांना चहासुद्धा करता येत नव्हता. लीलाकाकूंच्या हातातलं सूप खाली आलं. "मी ऐकलं हो भाऊजी," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "मी साक्षी हाय." मायने चित्राकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला तिच्या चेहऱ्यावर ती समुद्र मागते आहे असं दिसलं. "येते," ती म्हणाली. "पण मी खीर सोडून येऊन राह्यली, हे ध्यानात ठेवजा."

गाडीतल्या प्रवासाचं सगळं लिहीत बसले तर समुद्र यायचाच नाही. एवढंच सांगते की मायने डबे असे भरले होते की मद्रासला अन्न मिळत नसावं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तळलेल्या मिरच्या, पुडाच्या वड्या, चिवडा. बल्लारशा ओलांडेपर्यंत आमच्या डब्यातले सगळे प्रवासी आमची चटणी खाऊन हाशहुश करत होते आणि माय प्रत्येकाला सांगत होती, "आम्ही समुद्रात सूर्य बुडते तो पाहाले चाललो." बाबा खिडकीशी बसून खुशीत मान डोलवत होते. एका माणसानेही त्यांना अडवलं नाही. पुढे मला नेहमी वाटायचं, त्या डब्यात एखादा तरी शहाणा माणूस असायला हवा होता.

मद्रासला स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये उतरलो. पौर्णिमेच्या पहाटे मायने खोलीतल्या टेबलावर पिशवीतून आणलेली बुद्धाची तसबीर मांडली, पांढरं लुगडं नेसली, आणि हळू आवाजात वंदना म्हटली. मी आणि बाबा तिच्या मागे बसलो. भोंगा नाही, गल्लीतल्या बायकांचा आवाज नाही, दुधाचा वास नाही. म्हणून झाल्यावर तिने पदराने तसबिरीची काच पुसली. "आता तिकडं कोणं धरलं असन उलथनं?" ती स्वतःशीच म्हणाली. बाबा घाईघाईने बाहेर निघून गेले. त्यांना वाईट वाटलं की ते असेच निघून जायचे.

दुपारी खालच्या खानावळीत केळीच्या पानावर जेवलो. शेवटी वाढप्याने पळीभर काहीतरी पांढरं, पातळ, गोड वाढलं. मायने बोट बुडवून चाटलं आणि एकदम ताठ बसली. "अवो, हे तं खीरच हाय! शेवयाची." मग तिने जे केलं ते तिलाच जमायचं. तिला तमिळ येत नव्हतं, खानावळवाल्याला मराठी येत नव्हती, तरी ती मोकळा झालेला चटणीचा मोठा डबा घासून, पुसून थेट त्याच्या स्वयंपाकघरात शिरली आणि तो भरून बाहेर आली. पौर्णिमेच्या दिवशी आपल्या हाताने कुणाला तरी गोड वाढल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हती. बाबा म्हणाले, "बसमंधी सांडन." माय म्हणाली, "सांडली तं सांडली." डबा मांडीवर घेऊन ती सहलीच्या बसमध्ये चढली.

बसमध्ये माहिती सांगणाऱ्या माणसाचं नाव मणी. काळासावळा, सडपातळ, कपाळावर आठ्या आणि गळ्यात शिट्टी. हातात खरखरणारा माइक, त्यात तो आधी इंग्रजी, मग तमिळ आणि मग स्वतः बनवलेली हिंदी बोलायचा. "अब्बी लेफ्ट साइड देखेगा सार, नारियल झाड देखेगा. राइट साइड देखेगा, वो बी नारियल झाड." सगळे हसले की तो थांबायचा नाही, त्याला पुढचं वाक्य वेळेत सांगायचं असायचं. बाबांना तो फार आवडला. आपल्यासारखा घाईचा माणूस परमुलखात भेटला म्हणून असेल.

थोड्या वेळाने बाबा उठून पुढे त्याच्याजवळ गेले. मी त्यांच्या मागच्याच सीटवर होते, माय माझ्या पलीकडे खिडकीला डोकं टेकून पेंगत होती. बाबा त्याला त्यांच्या डेपोच्या हिंदीत म्हणाले, "भाई, समुंदर में सूरज किधर डूबता, वो जगह अच्छी बताना. मेरी घरवाली वो ही देखने आई है."

मणीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो हसला, त्या बसमध्ये पहिल्यांदाच खरोखर. "सूरज? सूरज तो इधर समुंदर से निकलता, सार. मॉर्निंग में. ये ईस्ट साइड है." आणि शिट्टीच्या टोकाने बसच्या उजव्या बाजूच्या काचांकडे खूण केली. "डूबता उधर. बस स्टँड के पीछू."

बाबा तसेच उभे राहिले. बस वळली तेव्हा त्यांना दांडा धरायचंही सुचलं नाही. मला भूगोलात बंगालचा उपसागर नकाशावर दाखवायला त्यांनीच शिकवलं होतं, उजवीकडे, पूर्वेला. सूर्य पश्चिमेला मावळतो हेही त्यांनीच. पण आम्ही देशाच्या पार मधोमध राहणारी माणसं, दोन्ही समुद्र आम्हाला सारखेच लांब. आम्हाला समुद्र म्हणजे समुद्र, आणि त्यात सूर्य बुडतो. त्याला बाजू असते, आणि आपण चुकीच्या बाजूला जाऊ शकतो, हे अख्ख्या वर्ध्यात कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

ते मागे येऊन माझ्या शेजारी बसले आणि कुजबुजले, "तू काही ऐकलं नाई."

"नाई," मी म्हटलं.

"काय नाई ऐकलं?"

"सूर्य बसस्टँडच्या मागं बुडते, ते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड दाबून खिडकीकडे वळले. पण हसू आलं तेवढ्यातच गेलं, कारण माय जागी झाली होती आणि मांडीवरचा डबा सावरत विचारत होती, "आला का समुद्र? वेळेवर पोचू ना?"

त्यानंतर मी माझ्या बाबांना जे करताना पाहिलं ते त्याआधी किंवा त्यानंतर कधीही पाहिलं नाही. ते रेंगाळले. त्यांच्या डोक्यात एकच विचार असावा, अंधार पडल्यावर काठावर पोचलो तर दोष उशिराचा, आपला नाही. एकाच दगडात कोरलेल्या देवळांपाशी मणी शिट्टी वाजवून सगळ्यांना पुढे हाकत होता, आणि बाबा एका दगडी हत्तीभोवती पुन्हा पुन्हा फिरत होते. "किती बारीक काम हाय पाह्य," ते मला म्हणाले. हत्ती आमच्या घराएवढा होता. मग शिंपल्यांच्या दुकानात त्यांनी प्रत्येक शंख कानाला लावला. ज्या माणसाने बाजारात कधी भाजीची जुडी उलटून पाहिली नाही, तो शिंपल्यांचे पडदे, शिंपल्यांचे आरसे, शिंपल्यांची बदकं हातात घेऊन त्यांची चौकशी करत होता. मग शहाळं. मग त्याच शहाळ्यातली मलई. मणी रडकुंडीला आला. "सार, टाइम! सार, बीच!" बसमधले लोकही ओरडायला लागले. माय कंबरेवर हात ठेवून उभी. "आज काऊन तुमच्या पायाले मेहंदी लागली? रोज तं वाऱ्यावानी पळता!"

"आलो आलो," म्हणत बाबांनी चपलेचा पट्टा काढला आणि पुन्हा लावला.

पण मणी मुरलेला होता. असे रेंगाळणारे त्याने शेकड्याने पाहिले असतील. त्याने बाबांचा दंडच धरला आणि आम्हाला काठावर आणून सोडलं तेव्हा सूर्य अजून चांगला हातभर वर होता.

मायला आधी सूर्य सुचलाच नाही. तिने समुद्र पाहिला आणि ती थांबली. "अगं माय वं," एवढंच म्हणाली. चपला तिथेच टाकून, डबा माझ्या हातात कोंबून ती सरळ पाण्याकडे चालत गेली, आणि पहिली लाट पायावर आली तशी किंचाळून मागे पळाली, मग पुन्हा गेली. ओंजळीत पाणी घेऊन तिने चाखलं, तोंड वाकडं केलं आणि खदखदा हसली. "एवढं पाणी आन सारं खारट! एक घोट कामाचं नाई!" मला तोवर ठाऊक नव्हतं की माझी माय मुलीसारखी धावू शकते. बाबा मागे वाळूत उभे होते, तिच्याकडे बघत, आणि त्यांचा चेहरा मला पाहवत नव्हता.

मग ती थबकली. तिच्या पायापासून तिची सावली निघाली होती, लांबच लांब, आणि सरळ पाण्यात पसरली होती. तिने सावलीकडे पाहिलं. पुढे समुद्राकडे पाहिलं. मग हळूहळू मागे वळली. सूर्य तिथे होता, दुकानांच्या पत्र्यांवर, आमच्या बसच्या टपाच्या थोडा वर.

"अवो," ती म्हणाली. "सूर्य तं इकडं हाय."

"हाव," बाबा म्हणाले. "थांब थोडी. वळन तो."

हे वाक्य आमच्या घरात पुढे अजरामर झालं. गॅस संपला, दिवे गेले, माझ्या लग्नात पाहुणे उशिरा आले, की कुणीतरी म्हणायचंच, थांब थोडी, वळन तो. पण तेव्हा कुणी हसलं नाही. सूर्य वळला नाही. तो पत्र्यांवर टेकला, विजेच्या खांबाला एकदा घासला, आणि बसच्या मागे गेला. चर्र वाजलं नाही. कंडक्टरने खिडकीतून पान थुंकलं, एवढाच आवाज.

माय बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज मोठा नव्हता, म्हणून मी जास्त घाबरले. "मी खीर सोडून आली. आजवर एक पौर्णिमा सोडली नाई मी. तापात केली, या पोरीच्या वेळेस पोटुशी होती तरी केली. तुमच्या एका शब्दावर सोडून आली. आन तुम्हाले हे बी मालूम नाई, की सूर्य कोठी बुडते?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे पाठ करून वाळूत बसून घेतलं, समुद्राकडे तोंड करून. बाबा तिच्या मागे उभे, गेलेल्या सूर्याकडे बघत. मी दोघांच्या मध्ये, डबा घेऊन. मला बाबांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की काय करायचं ते मला आजही कळत नाही.

मणीची शिट्टी वाजली. बस सुटायची वेळ. लोक वाळू झटकत निघाले. "इंदू, चाल," बाबा म्हणाले. माय हलली नाही. मणी येऊन हात जोडून म्हणाला, "अम्मा, बस." माय हलली नाही. "मी नाई येत," ती समुद्राकडे बघत म्हणाली. "तुम्ही जा."

आणि मग एकदम, "अवो, तिकडं जहाजाले आग लागली का?"

दूर पाण्याच्या टोकाला लाल धग दिसत होती. मी, बाबा आणि मणी वळलो. धग फुगली, वर आली, तिला काठ आला. ती आग नव्हती. अख्खा चंद्र पाण्यातून निघत होता, कॅलेंडरातल्या सूर्याएवढा, तसाच लाल, आणि अर्धा वर आला तेव्हा तर मला खाली किराणा मालाची ओळ शोधावीशी वाटली. फक्त तो बुडत नव्हता. निघत होता. वर येता येता तो केशरी झाला, पिवळा झाला, आणि त्याच्यापासून आमच्या पायांपर्यंत पाण्यावर एक वाट पडली. माय रुसून पाठ करून बसली नसती तर आम्ही तिघंही बसच्या दिशेने चालायला लागलो असतो.

मायने हात जोडले. सकाळी लॉजच्या खोलीत म्हटलेली वंदना तिने पुन्हा म्हटली, या वेळी मोठ्याने, लाटांच्या वर आवाज काढून. बाबांनी चपला काढल्या आणि तिच्या बाजूला बसले. निघालेले लोक परत फिरले. म्हणून झाल्यावर माय उठली, माझ्या हातातून डबा घेतला आणि वाढायला सुरुवात केली. पान नाही, वाटी नाही. तळहातावर. चमचा एकच. "घ्या, पौर्णिमेची खीर हाय," ती प्रत्येकाला मराठीतच सांगत होती, आणि बंगाली, गुजराती, कोण कोण, सगळे हात पुढे करत होते. शेवटचा चमचा मणीचा. त्याने तो खाल्ला, तळहात चाटला, आणि गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. रोज संध्याकाळी तो इथे येतो, तो म्हणाला, पण या वेळेला तो नेहमी समुद्राकडे पाठ करून माणसं मोजत असतो. "मून हमारे प्रोग्राम में नहीं है, अम्मा," असं म्हणून तो वाळूत बसला. त्या दिवशी बस उशिरा सुटली आणि कुणी तक्रार केली नाही.

परतीच्या बसमध्ये बाबांचा कणा हळूहळू सरळ झाला. शहराचे दिवे दिसेपर्यंत ते म्हणायलाही लागले होते, "मी पौर्णिमा पाहूनच रजा घेतली होती."

"हाव का?" माय म्हणाली.

"चंद्र सूर्यापेक्षा चांगला दिसला का नाई? मंग झालं. खिरीचं फिटलं."

"शब्द सूर्याचा होता," माय म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी गेली.

नालवाडीला परतलो तेव्हा लीलाकाकू गेटवरच उभ्या होत्या. रिक्षा थांबायच्या आधी त्यांनी विचारलं, "बुडला का भाऊजी?" मायने त्यांना सगळं इत्थंभूत सांगितलं, चपलेच्या पट्ट्यासकट. पुढल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या पहाटे आमच्या अंगणात गंजासमोर बाबा उभे होते, बनियन घालून, उलथनं भाल्यासारखं धरून. माय खाटेवर बसून सांगत होती, "ढवळा. खालून ढवळा. पळू नोका, दूध हाय ते, गाडी नाई." खीर लागली. चांगली बुडाला करपली. विहारात म्हाताऱ्या बायकांनी पहिला घास घेतला, एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा वाढायला सांगितलं, कारण नालवाडीत कुठल्याही बाप्याने केलेली ती पहिली खीर होती. मी मायकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिला आपला मान गेल्याचं दुःख होईल. ती कधी न दिसलेल्या ऐटीत बसली होती.

मग ते दरसालचंच झालं. बाबांच्या हाताला हळूहळू चव आली. पळणारा माणूस वर्षातून एका दिवशी दुधासमोर थांबायला शिकला. पुढे दोघांना मुंबईला न्यायचं निघालं, गोव्याला जायचं निघालं, डेपोतले लोक सहकुटुंब निघाले. मायचे गुडघे नेमके तेव्हाच दुखायचे. एकदा मी शहाणपणा करून, त्यांना न विचारता, दोघांची कोकणची तिकिटं काढली. बाबा माझ्यावर असे चिडले की मी थक्क झाले. "तुले कोणं सांगतलं होतं? तिचे गुडघे दुखते, मालूम नाई?" माय आतून ओरडली, "हाव ना, भलते दुखते!" आणि लगबगीने गच्चीवरून पापड काढायला गेली. त्या दिवशी मला कळलं, की दोघांनाही तो सूर्य बुडायला नको आहे.

आता बाबा नाहीत. त्यांच्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला विहारातल्या पोरांनी उलथनं मायच्या हातात द्यायला आणलं. तिने घेतलं नाही. "ते त्यायचं काम हाय," म्हणाली. पोरांनीच केली खीर, करपली, सगळ्यांनी खाल्ली.

यंदा माझ्या मुलीची बदली कोकणात, समुद्राकाठी झाली. माय ऐंशीची आहे, गुडघे आता खरेच दुखतात, तरी नातीचं घर पाहायला आली. नातीने हौसेने वेळ बघून, गाडी काढून, आजीला मावळतीला काठावर नेलं, खुर्ची टाकून बसवलं. "आजी, बरोबर समोर बघ हं. आज तुला तुझं कॅलेंडर दाखवते." समोर सगळं तसंच होतं. काळपट निळं पाणी, लालबुंद सूर्य, पाण्याला टेकायला आलेला. लोक मोबाइल वर धरून उभे होते.

मायने एकदा पाहिलं, सूर्य अजून पाण्याच्या वर होता तोवर. मग खुर्चीचे हात धरून उठली, काठी वाळूत रोवली, आणि मला म्हणाली, "खुर्ची फिरव."

"अगं आजी, आत्ताच तर बुडतोय!" नात ओरडली. मी तिला हाताने थांबवलं आणि खुर्ची फिरवली. माय समुद्राकडे पाठ करून बसली, गाड्या उभ्या होत्या तिकडे तोंड करून. तिने पदर सावरला.

"बुडला का वं?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"बुडून राह्यला."

"बुडला का सांगजो."

मागे लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बुडला," मी म्हटलं.

"मी नाई पाह्यला," माय म्हणाली. "तू साक्षी हाय. खीर अजून त्यायच्याकडंच हाय."